चार्जरमधला आवाज

“घाबरू नगा साहेब. दोरी नीट बशिवा. कट् वाजलं की हात काढा.”

नवं चार्जिंग मशीन बोललं आणि उद्घाटनाच्या मांडवात टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या सहादेवनेही दोन टाळ्या वाजवल्या. तिसरीला त्याचे हात थांबले. आवाज त्याचाच होता.

बावीस वर्षं पेट्रोलपंपावर काढून सहादेव तीन वर्षांपूर्वी राहात्याच्या या चार्जिंग स्टेशनवर आला होता. पहिल्याच दिवशी पंपाच्या सवयीने त्याने गिऱ्हाइकाला दरडावलं होतं, “मोबाईल आत ठिवा, भडका उडंल!” तो गृहस्थ बिचारा मोबाईलवरूनच चार्जिंग सुरू करायला बघत होता. पण सहादेव हा हा म्हणता शिकला; फक्त चार्जिंगच्या केबलला तो दोरीच म्हणत राहिला. पाच कंपन्यांची पाच ॲप, कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाचं नेटवर्क गेलेलं. शिर्डीला निघालेल्या गाड्यांपेक्षा त्यातली माणसंच जास्त डिस्चार्ज होऊन यायची. सहादेव एकेकाला समजावून मार्गी लावायचा.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीचा इंजिनिअर अजिनाथ आला. कर्जतकडचा, गोड बोलणारा. चार दिवस तो सहादेवच्या मागे मोबाईल धरून हिंडला. “काका, गिऱ्हाइकाला सांगता तसंच बोला. वरच्या साहेबांना ऐकवतो, म्हंजी तुमचं पर्मनंट व्हईल.” चारही दिवस तो सहादेवकडेच जेवला. सहादेवच्या बायकोने, झुंबरबाईने, त्याला आग्रह करकरून भाकरी वाढली. सहादेवनेही हातचं काही राखलं नाही. “आरं, दोरी लावली की गाडी वळखून मशीननं सोताहून चालू व्हाया पायजे,” हेसुद्धा त्यानेच सांगितलं होतं.

कार्यक्रम संपताच त्याने अजिनाथला गाठलं.

“माझा आवाज हाय ह्यो.”

“लई भारी आलाय ना, काका? आता ॲप न्हाई, ओटीपी न्हाई. म्हाताऱ्या माणसालाबी जमंल. समदं तुमच्यामुळं.”

“आन् माझं पर्मनंटचं?”

अजिनाथ मांडवाच्या खांबाकडे बघू लागला. “आता हितं मानूस लागनार न्हाई, काका. उद्यापासून येऊ नका.”

“माझ्या घरी जेवत हुतास, तवा ठावं हुतं तुला?”

“हुतं.”

लोकांचं काम सोपं झालं याचं सहादेवला वाईट वाटलं नव्हतं. तीन वर्षं तो तेच तर करत होता. काम जाणार हे या पोराने तोंडावर सांगितलं असतं, तरी त्याने सगळं शिकवलंच असतं. पण पोराने आपल्या ताटात जेवून आपल्याला फसवलं, हे त्याला सोसेना.

तो फाटकाकडे निघाला. कडेच्या मशीनपाशी एक बाई दोरीशी झटत होती. मशीन तिला तिसऱ्यांदा सांगत होतं, “जरा वर उचलून दाबा, ताकद लावू नगा.” तिला नेमकं किती वर ते उमगत नव्हतं. सहादेवचे पाय थांबले. त्याने दोरी तिच्या हातातून घेतली, बोटभर वर उचलली आणि बसवली. हिरवा दिवा लागला.

“थँक्यू काका!” बाई हसली. “इथेच असता का तुम्ही?”

सहादेवने तोंड उघडलं. तेवढ्यात मशीनच बोललं, “झालं बगा काम. आता निवांत च्या घ्या.”

त्याने तोंड मिटलं. बाईला हात जोडले आणि तो चालू लागला.

गाडीतून तिच्या नवऱ्याने विचारलं, “कोण होते गं ते?”

“काय माहीत. भला माणूस आहे.” तिने आवाज खाली आणला, तरी सहादेवला ऐकू गेलंच. “बिचाऱ्यांना बोलता येत नाही वाटतं.”