उताराचा सराव

"काका, जरा दमानं घ्या! डोंगर कुठं पळून जात नाही," मागून कुणीतरी ओरडलं.

लिफ्टमामा थांबले नाहीत. वय छप्पन्न, पायात नवेकोरे बूट, छातीवर सेफ्टी पिनांनी लावलेला तीनशे बारा नंबरचा कागद. आयुष्यातली पहिलीच शर्यत, आणि चढावर त्यांनी एकतीस जणांना मागे टाकलं होतं. ओरडणारी बँकेतली कॅशियर बाई बत्तिसावी.

"जिना चढल्यासारखे चढताय हो तुम्ही!"

"जिनाच चढतोय बाई. अकरा मजले, रोज सात वेळा."

ही बढाई नव्हती. ज्या इमारतीच्या लिफ्टा मामा दुरुस्त करायचे, तिचा जिना त्यांनी आठ महिने कामाआधी रोज तुडवला होता. लिफ्टवालाच जिन्यानं चाललाय म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय, असं वाटून पहिल्या आठवड्यात दोन-तीन रहिवासी घाबरून त्यांच्यामागे चढत गेले होते. अकराव्या मजल्यावर पोचलं की मामा लिफ्टनं खाली यायचे आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचे. तीस वर्षं लिफ्टची सेवा केलेला माणूस लिफ्टनं उतरणार नाही तर काय!

बायकोनं एकदा सांगून पाहिलं होतं. "पोरीचा फोन होता. म्हणाली, बाबांना उताराचाही सराव करायला सांग."

"उतरायला कसला आलाय सराव? सोडलं की माणूस खालीच येतो."

तोंडानं असं म्हणाले, पण त्या दिवशी ते उगाचच खुशीत होते. लेकीनं चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासाठी निरोप दिला होता.

लेक शाळेपासून डोंगरात धावायची. सतराव्या वर्षी धावण्याच्या मोठ्या शिबिरासाठी तिची निवड झाली. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. मामांना तिला पाठवायचं नव्हतं, आणि तसं तोंडावर सांगायची हिंमतही नव्हती. "उद्या करतो" म्हणत त्यांनी फॉर्म हत्यारांच्या पिशवीत ठेवला. तारीख उलटल्यावर म्हणाले, "राहूनच गेलं बघ." लेक रडली नाही, भांडली नाही. शिक्षण संपताच या डोंगराखालच्या गावात नोकरी धरून निघून गेली. तेव्हापासून आईशी बोलायची, बापाशी नाही.

आज शर्यतीच्या शेवटच्या चौकीवर तीच घड्याळ घेऊन बसणार होती. एक वाजेपर्यंत चौकी गाठायची, नाहीतर बाद. मामांना बक्षिसाचं काही पडलं नव्हतं. वेळेत पोचायचं, लेकीसमोर उभं राहून 'चुकलं माझं' म्हणायचं आणि तिच्या देखत पुढं धावत जायचं, एवढाच बेत होता. रडका चेहरा घेऊन तिच्या दारात जाणं त्यांना जमलं नसतं.

साडेअकराला ते माथ्यावर होते. पुढं सहा किलोमीटर उतार आणि हाताशी दीड तास. मामा एकटेच हसले.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग मांड्या थरथरायला लागल्या. पाय टाकला की गुडघा आपोआप दुमडायचा. मामा एकदा बसले, दोनदा घसरले, मग त्यांनी आडव्या पावलांनी उतरून पाहिलं. शेवटी डोंगराकडे तोंड करून, गवताला धरत उलटे उतरू लागले. मागे टाकलेले एकतीसही एकेक करून पुढं निघून गेले. कॅशियर बाई मात्र थांबली.

"काका, हात द्या."

"तुम्ही व्हा पुढं. तुमची वेळ जाईल."

ती घुटमळली आणि गेली. मामांनी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. खाली चौकीचा तंबू दिसत होता, आणि त्यांना कळून चुकलं की तो दिसतो तेवढा जवळ नाही.

ते पोचले तेव्हा एक वाजून सहा मिनिटं झाली होती. चौकीवर बाद झालेले तिघं दगडांवर बसले होते. त्यातला एक जाडजूड ठेकेदार अजून वाद घालत होता. "दोनच मिनिटं हो ताई! दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?"

"नियम सगळ्यांना सारखा," लेक म्हणाली. तेवढ्यात तिनं मामांना पाहिलं.

ती वाळली होती. उन्हानं रापली होती. हातातल्या घड्याळाकडे तिनं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बाबा..."

ठेकेदार ताडकन उठला. "अस्सं! वडील काय? मग आता नियम गुंडाळून ठेवणार, होय ना?"

लेकीनं यादीवरचं पेन उचललं. तिनं मामांना पुढं सोडलं असतं का, हे मामांना कधीच कळलं नाही, कारण त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. त्यांचे हात छातीवरच्या पिनांशी झटापट करत होते. ग्रीसमधले बारीक स्क्रू नुसत्या चाचपणीनं काढणारी बोटं आज साध्या पिनेला हार जात होती. चौथी पीन निघाली तेव्हा शर्टही फाटला. त्यांनी कागद लेकीच्या हातात दिला.

"तिचं काम तिला करू द्या," ते ठेकेदाराला म्हणाले. "वेळ संपली. मीही बाद."

ठेकेदार गुपचूप खाली बसला. लेकीनं यादीत तीनशे बारासमोर वेळ लिहिली आणि रेघ मारली. मामा टेबलाला धरून उभे होते. आठ महिने जिन्यावर घोकलेलं वाक्य त्यांनी अगदी हळू म्हटलं. "चुकलं माझं. तेव्हा मी मुद्दामच सही केली नव्हती."

"माहितीय मला," यादीवरून नजर न काढता ती म्हणाली. "पाणी प्या आधी."

बाद झालेल्यांना न्यायला टेम्पो आला. तिघं चढून बसले. मामा टेम्पोच्या मागच्या काठावर कसेबसे टेकले, पण पाय काही वर येईनात.

"आईला भेटायला तरी ये एकदा," ते म्हणाले.

"बघते."

एवढं बोलून ती वाकली. दोन्ही हातांनी त्यांचा एक पाय उचलून तिनं आत ठेवला, मग दुसरा. बुटाची सुटलेली नाडी बांधली. मागची फळी लावून घेतली, टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि घड्याळ पाहत टेबलाकडे परत गेली. डोंगरावरून अजून दोघं यायचे होते.