चौथा स्पीकर

सुमंत यांच्या बैठकीच्या खोलीत छतात चार स्पीकर बसवायचे होते आणि त्यांतले तीन दुपारी बारापर्यंत बसवून झाले होते. सीताबर्डीच्या एका दुकानातर्फे भूमिका आणि रुपराव हे काम करायला आले होते. रुपरावांचे केस या धंद्यात पिकले होते. भूमिका कुही गावची, फिटिंगला लागून तिला तिसरं वर्ष होतं, आणि शिडीवर चढायची तिला कधी धास्ती वाटली नव्हती. चौथ्या स्पीकरची वायर कमी पडली म्हणून रुपराव दुकानात परत गेले. सुमंत मिहानला ऑफिसात होते, त्यांची बायको दीप्ती बँकेत. घरात उरल्या सुमंत यांच्या आई, यमुताई.

यमुताईंचं खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. चाकांच्या खुर्चीत बसून त्या पोपटीच्या शेंगा सोलत होत्या. डिसेंबरचं ऊन खिडकीतून नेमकं तिथंच येत होतं, म्हणून भूमिकाने बाजूला व्हायला दोनदा सांगूनही त्या जागच्या हलल्या नाहीत. ड्रिलचा आवाज सहन होईना तेव्हा त्यांनी कानाची मशीन काढून मांडीवरच्या रुमालात गुंडाळली आणि तुझं चालू दे, अशी हातानेच खूण केली.

पहिल्या तिन्ही जागी भूमिकाने आधी लहानसं भोक पाडून, बॅटरी लावून आत पाहिलं होतं. कुठे वायर आहे, कुठे पाइप, फॉल्स सीलिंगचा सांगाडा स्लॅबला कुठे टांगला आहे. चौथ्या वेळी तिने ते केलं नाही. रुपराव यायच्या आत काम उरकून ठेवू, असं तिच्या मनात आलं, एवढंच. तिने सरळ ड्रिलवरची गोल करवत लावली. गोल तुकडा सुटून हातात आला. तो आणि ड्रिल तिने शिडीच्या माथ्यावर ठेवलं.

तेवढ्यात वर काहीतरी कट्‌कन तुटलं.

भूमिकाने वर पाहिलं. जिप्समच्या दोन बोर्डांच्या सांध्यावर केसासारखी एक रेघ उमटली आणि बघता बघता बोटभर रुंद झाली. खाटेएवढा छताचा भाग एका बाजूने खाली आला. तिने विचार न करता दोन्ही तळवे वर लावले, मग डोकंही लावलं. भार मानेतून पाठीत उतरला. भोकातून तिला आतलं दिसलं. एसीचा तांब्याचा पाइप आडवा गेला होता, आणि त्याला जागा करण्यासाठी कोणीतरी सांगाडा टांगायच्या पट्ट्या कापून टाकल्या होत्या. एक, दोन, तीन. हा सगळा भाग आजूबाजूच्या जोडांवर तरून होता आणि त्यातलाच एक जोड तिच्या करवतीने गेला होता.

खाली शेंगा सोलल्याचा बारीक आवाज येत होता. यमुताई बरोबर त्या भागाखाली होत्या.

"आजी," ती म्हणाली. मग घशाच्या शिरा ताणून ओरडली, "आजी, मांगं सरका!"

यमुताईंनी मानही वर केली नाही. एक हात सोडावा म्हटलं तर छत लगेच कुरकुरलं आणि तिच्या डोळ्यांत पांढरी भुकटी पडली. फोन मागच्या खिशात होता. भाराखाली शिडी हलायला लागली. आपण पडलो तर शिडीही म्हातारीवरच जाणार, हे तिच्या ध्यानात आलं.

शिडीच्या माथ्यावर स्क्रूचा डबा होता. तिने गुडघ्याने तो ढकलला. डबा खाली आपटला, स्क्रू फरशीभर उडाले, एक-दोन यमुताईंच्या पायाला लागले. त्यांनी वैतागून वर पाहिलं.

भूमिकाला खूण करता येत नव्हती. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली आणि ओठ हलवत राहिली. यमुताईंची नजर तिच्या तोंडावरून हातांवर गेली, हातांवरून त्या रेघेवर.

त्यांनी चाकं मागे ढकलली. खुर्ची हलेना. ब्रेक लागलेला होता. तो काढायला त्या वाकल्या, पण दांडी जागची सुटत नव्हती. भूमिकाच्या मनगटात कळ आली. वर आणखी एक जोड सुटला आणि छत चार बोटं खाली सरकलं. आता तिची मान पूर्ण वाकली होती, तिला खालचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. शेंगांचं ताट पडल्याचा आवाज. मग लोखंडावर काहीतरी ठोकल्याचा. एकदा, दोनदा. मग चाकांखाली स्क्रू करकरत गेल्याचा.

करकर दारापर्यंत गेली आणि थांबली.

आता सोडायचं होतं, आणि तेच तिच्याने होईना. सोडलं की हे डोक्यावर येणार. सोफा मागे दोन हातांवर होता, पण तिला तो दिसत नव्हता. तिने श्वास घेतला, हात काढले आणि मागे अंग टाकलं.

छत कोसळलं. शिडी आडवी झाली. खांद्यावर काहीतरी जबर बसलं आणि सगळी बैठक पांढरी झाली.

त्या पांढऱ्या धुरळ्यातून यमुताईंची हाक येत होती. "पोरी! अगं पोरी, आहेस ना?"

"आहे, आजी, आहे," भूमिका पुन्हा पुन्हा म्हणत होती, पण त्यांना ते ऐकू जात नव्हतं आणि त्या हाका मारतच होत्या. शेवटी ती रांगत दारापर्यंत गेली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. यमुताईंनी तो हात दोन्ही हातांत धरला.

थोड्या वेळाने रुपराव वायरचं बंडल घेऊन आले. त्यांनी आधी तिचा खांदा चाचपला, हाड शाबूत आहे हे पाहिलं, मगच सुमंतना फोन केला. सुमंत आले ते तापलेलेच. भोक कोणी पाडलं, कसं पाडलं, विचारू लागले. रुपरावांनी कापलेल्या पट्ट्या दाखवल्या आणि एसी बसवणाऱ्यांचं हे काम असल्याचं सांगितलं. भूमिकाला गप्प राहता आलं असतं.

"पट्ट्या त्यायनं कापल्या," ती म्हणाली. "पण तीन जागी मी आत पाहून घेतलं होतं. इथं नाही पाहिलं. पाहिलं असतं तर आजीले इथं बसूच दिलं नसतं."

सुमंत काही बोलायला गेले, तोच त्यांना पडलेल्या बोर्डाखाली चेपटलेलं ताट दिसलं. त्यांनी बोर्डाचं टोक उचलून पाहिलं. एकट्याने उचललं जाईना. त्यांनी ते तसंच सोडलं.

"आई इथं होती?" त्यांनी हळूच विचारलं.

सुमंत तिथंच ताटाशेजारी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी उरलेलं छत उतरवायचं ठरलं. यमुताईंना शेजाऱ्यांकडे नेऊन बसवलं. रुपराव भूमिकाला म्हणाले, खांदा दुखत असेल, आज खालीच राह. तिने ऐकलं नाही. तिसऱ्या पायरीवर ती थांबली.

"शिडी धरा, भाऊ," ती म्हणाली. "सोडू नका."

रुपरावांनी शिडी दोन्ही हातांनी धरली. ती आणखी एक पायरी चढली.