कपाटातल्या शेवाळटाकीची हकिगत

मित्रांनो, माझ्यात मासे ठेवत नाहीत. मी एक जुनी, लहानशी काचेची टाकी आहे आणि माझ्यात शेवाळ राहते.

एका काचवाल्याने खिडक्यांच्या उरलेल्या काचा सिलिकॉनने चिकटवून मला केले. एका दंतवैद्याच्या बायकोने मला विकत घेतले. दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत तिने खाऱ्या पाण्याची मोठी टाकी हौसेने मांडली होती. तिच्यात जिवंत प्रवाळ होते, केशरी मासे होते. मासा आजारी पडला की त्याला माझ्यात ठेवत. काही बरे झाले, तेव्हा माझे कौतुक झाले. बरेचसे मेले. मग माझे नाव 'दुखणाईत' पडले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्यात खिळे आणि जुने प्लग साठत गेले.

इकडे मोठ्या टाकीला अवकळा आली. काचांवर हिरवा बुळबुळीत थर चढला आणि प्रवाळ मिटून बसले. डॉक्टर वैतागले. दातांच्या दवाखान्यात किटण चढलेली टाकी पाहून लोक काय म्हणतील, असे ते बायकोला रोज ऐकवत. शेवटी त्यांनी टाकी नेण्यासाठी रविवारी माणूस बोलावला.

बायको वाद घालत बसली नाही. तिने नणंदेला फोन केला. ही डॉक्टरांची मोठी बहीण नळजोडणीची कामे घेई. दोघींनी मला माळ्यावरून उतरवून घासले आणि मोठ्या टाकीखालच्या कपाटात बसवले. माशांच्या घाणीतून पाण्यात खत साठते आणि त्यावर किटण पोसते. माझ्यात जाळीदार शेवाळ सोडून वर दिवा लावायचा आणि त्या शेवाळाने ते खत आधीच खाऊन टाकायचे, असा बेत होता.

नणंदेने मोठ्या टाकीतले पाणी थोडे उतरवून मागच्या काचेत वर भोक पाडले. जादा पाणी त्यातून पाइपने माझ्यात येऊ लागले. माझ्या कोपऱ्यातला पंप दुसऱ्या पाइपने ते वर पाठवू लागला. एक थेंब गळत नव्हता. नणंद खूश होती.

शनिवारी दवाखाना भरलेला असताना फ्यूज उडाला आणि पंप थांबला. वर पाणी चढवणाऱ्या पाइपातूनच पाणी उलटे खाली येऊ लागले. मी काठोकाठ भरले, मग वाहू लागले. लोकांनी पाय वर घेतले. बायकोने धावत येऊन त्या पाइपाचे वरचे तोंड पाण्याबाहेर ओढले. पाइपात हवा शिरली आणि पाणी थांबले.

हातमोजे घातलेले डॉक्टर दारात उभे होते. ते काही बोलण्याआधीच बायको म्हणाली, "उद्या तो माणूस आला की टाकी देऊन टाका. मी आड येणार नाही."

नणंद ओल्या फरशीवर बसून पाइपाकडे बघत होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, या पाइपाला बारीक भोक हवं होतं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो." मग भावाकडे वळून म्हणाली, "माझ्या ड्रिलचं बिट फार जाड आहे. जन्मभर भोकं बुजवलीस, आज एक पाड."

पेशंट हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फ्यूज बसवला, पाइप खुर्चीजवळ नेला आणि दात कोरायच्या यंत्राने नेमके भोक पाडले. पाइप जागेवर बसवून त्यांनी स्वतःच पंप बंद केला. पाणी माझ्या काठाखाली चार बोटांवर थांबले. त्यांनी पंप पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद केला. मग हातमोजे काढत ते बायकोला म्हणाले, "त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग."

किटण ओसरायला बरेच महिने गेले. आता प्रवाळ फुलतात आणि लोक वरच्या टाकीसमोर उभे राहतात. माझे कपाट बंद असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी टाकी असेल, तर ते बारीक भोक अधूनमधून टाचणीने साफ करा. मीठ साचून ते बुजते. आणि बुजले आहे हे वीज असेपर्यंत कोणालाच कळत नाही.