दुसऱ्या गावचं उदोन

मानाबे काझुनोरीच्या थोरल्या बहिणीने त्याच्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा साठी उलटलेल्या माणसाने लाजायला हवं तेवढा तो लाजला. नाही म्हणायला हवं होतं, ते मात्र म्हणाला नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नागोयाला, आपल्या संसारात. साकाइदेच्या घरात तो आणि टीव्ही असे दोघेच राहत, आणि त्यांतला बोलका टीव्हीच होता.

स्थळ पुलापलीकडच्या ओकायामाचं होतं. सेनो मिसाओ. नवरा वारलेला, मुलं मार्गी लागलेली, फुलांच्या दुकानात काम.

"चांगल्या हॉटेलात ने तिला," सातोएताईने फोनवर बजावलं. "पांढरं कापड घातलेल्या टेबलावर."

"तिथे कुठला काटा कशाला, ते मला कळत नाही. उदोन खायला नेतो."

"अरे, बघण्याच्या कार्यक्रमाला कुणी उदोन खातं का? ताटली धरून रांगेत उभं राहायचं, आपलं आपण वाढून घ्यायचं. ती बाई काय म्हणेल?"

"माणूस साधा आहे म्हणेल."

"साधा वेगळा आणि चिकट वेगळा, काझू."

पण मानाबेने ठरवलं होतं, आणि त्यामागे साधेपणा नव्हता, हिशेब होता. जगात एकाच विषयावर तो न अडखळता बोलू शकत असे, तो म्हणजे उदोन, गरम सारातल्या गव्हाच्या जाड शेवया. कागावा प्रांतात जन्मलेल्या माणसाला उदोनमधलं आपोआप कळतं, असा इथे सगळ्यांचाच समज आहे. मानाबेचा जरा जास्त होता.

रोजच्या दुकानात तिला नेणं शक्यच नव्हतं. तिथल्या मालकीणबाईंनी वाडगा हातात देण्याआधी बातमी गावभर केली असती. म्हणून त्याने गाडी काढली, मिसाओबाईंना स्टेशनवरून घेतलं आणि थेट आयागावाच्या शेतांमधल्या एका दुकानात नेलं. तिथे तो कधी गेला नव्हता. पण गाडीत म्हणाला, "माझं ठरलेलं दुकान आहे." हे वाक्य तोंडातून कसं निसटलं, ते त्यालाही कळलं नाही.

मिसाओबाई बारीक अंगाच्या होत्या, राखाडी कोट घातलेल्या, आणि ऐकून घेणाऱ्या. ऐकून घेणारं माणूस भेटलं की मानाबेचं काही खरं नसे. उमर गेली गाडी चालवायला शिकवण्यात. शेजारी बसलेल्या माणसाला सूचना देत राहायची त्याच्या जिभेला सवय होती.

"माझ्या मागे मागे या," रांगेत शिरताना तो म्हणाला. "मी करीन तसं करा. म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही."

"बरं," मिसाओबाई म्हणाल्या.

"किती गोळे?" काउंटरमागच्या बाईने न बघता विचारलं.

"एक," मानाबे म्हणाला. त्याला रोज दोन लागत, पण पहिल्या भेटीत भूक झाकलेली बरी.

"एक," त्याच्या मागून मिसाओबाई म्हणाल्या.

उकडून ठेवलेला उदोनचा गोळा वाडग्यात आला. तो दांड्याच्या गाळणीत टाकून उकळत्या पाण्यात आपला आपण गरम करायचा. मानाबेने गाळणी बुडवली, हलवली आणि मनगटाला झटका देऊन पाणी निथळलं. झटका नेहमीपेक्षा जोरात होता, कारण कुणीतरी बघत होतं. गरम पाण्याचे थेंब पुढच्या माणसाच्या मानेवर उडाले. मानाबेने वाकून माफी मागितली. वाकल्यावर चष्मा नेमका वाफेवर आला आणि दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात ताटली, दुसऱ्यात वाडगा. तळणातून त्याने अंदाजाने एक तुकडा उचलला, तो रताळ्याचा निघाला. पैसे दिले. पुढे सार घ्यायच्या स्टीलच्या टाक्या होत्या, त्यांना नळ. त्याच्या रोजच्या दुकानात सार डावीकडे असे. त्याने डावीकडचा नळ फिरवला. सोनेरी, वाफाळतं काहीतरी वाडग्यात उतरलं. धुक्यातून ते अगदी साराच्या रंगाचं दिसलं.

"भरपूर घ्या," तो मिसाओबाईंना म्हणाला. "इथे सारच खरं."

मिसाओबाईंनी त्याच नळाखाली वाडगा धरला.

खिडकीशी जागा मिळाली. वर कांद्याची पात आणि किसलेलं आलं घालून मानाबेने पहिला घोट घेतला. चव लागली नाही. घाबरलो असेन, असं त्याला वाटलं. धाकधुकीत जीभ मरते म्हणतात. पण गप्प बसण्याचीही भीती होती, म्हणून तो बोलू लागला.

"या साराला सुक्या बारीक तारल्या लागतात. त्याही आमच्या समुद्रातल्याच. डोकी आणि पोट काढून टाकायचं, नाहीतर कडवटपणा उतरतो. आधी जिभेवर समुद्र येतो, मग मागून हळूच गोडी. येतेय ना?"

मिसाओबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले.

"हलकं आहे," त्या म्हणाल्या.

"तेच तर. अनाड्याला हे फिकं वाटतं."

"कडवटपणा थोडा आहे."

"तो अस्सलपणा."

हे ऐकून तो स्वतःवर खूश झाला. कडवटपणा काढायचा असतो, हे आपणच आत्ता सांगितलं, याचा त्याला पत्ता नव्हता. मिसाओबाई खाली बघून खात राहिल्या. एकही शेवई त्यांनी सोडली नाही.

मग त्या म्हणाल्या, "चहा आणते हं," आणि उठल्या. मानाबेने तेवढ्यात चष्मा पुसला. स्वच्छ काचांमधून त्याला दिसलं की त्या त्याच टाक्यांपाशी गेल्या, दोन पेले घेतले, तिथल्या एका आजोबांना काही विचारलं, आणि आजोबांनी बोट दाखवलेल्या नळाखाली पेले धरले. डावीकडच्या. वर पाटी होती, हाताएवढ्या अक्षरांत: चहा.

मिसाओबाई परत आल्या. पेला त्याच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "घ्या. चव ओळखीची वाटेल."

त्याने घोट घेतला. वाटली.

त्याने पेला खाली ठेवला. आयुष्यभर लोकांना सांगितलं, सवयीने वळू नका, बघून वळा, आणि आपण? सुक्या तारल्या, समुद्र, गोडी, अस्सलपणा. एकेक शब्द त्याला परत ऐकू येऊ लागला. खोटं बोलून निभावता येईल का, हेही त्याने पाहिलं. या गावात चहातच खातात, असं सांगावं का? सुचलं, आणि सुचल्याचीच लाज वाटली.

"सेनोसान," तो म्हणाला, "मी तुम्हाला चहात उदोन खायला घातलं."

"हो."

"हे माझं ठरलेलं दुकानही नाही. आज पहिल्यांदाच आलोय."

"ते गाडी लावतानाच कळलं. तुम्ही दार शोधत होता."

"मग तुम्ही खाल्लं का?"

"पहिल्या घासाला वाटलं, इकडची रीत असेल. तुम्ही इतकं मन लावून सांगत होता. दुसऱ्या घासाला वाटलं, काहीतरी चुकलंय. पण तुम्ही अस्सलपणा म्हणालात," त्यांचा आवाज इथे जरासा हलला, "मग मला बघायचंच होतं, हा माणूस कुठवर जातो."

आणि त्या हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मानाबे आधी ओशाळला, मग त्यालाही आवरेना. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

काउंटरवरची बाई टेबलं पुसत तिथवर आली. दोन्ही वाडग्यांत डोकावून म्हणाली, "चहा? अधूनमधून होतं कुणाचंतरी असं. जोडीने मात्र पहिल्यांदाच बघतेय."

जोडी या शब्दावर दोघांनीही खाली पाहिलं. दुरुस्ती कुणीच केली नाही.

"पुन्हा घेऊ या?" मिसाओबाईंनी विचारलं. "भूक आहे अजून. मी घरी रोज दोन गोळे खाते."

"मीही," मानाबे म्हणाला.

यावेळी पुढे त्या होत्या आणि मागे तो. त्या करतील तसं त्याने केलं: गाळणी सावकाश निथळली, पाटी वाचली, उजवीकडचा नळ फिरवला. पहिल्या घोटाला खरोखरच समुद्र आला. त्यावर बोलायला त्याच्याकडे खूप काही होतं; ते त्याने गिळलं आणि विचारलं, "कसंय?"

"छान आहे," त्या म्हणाल्या. "खारट आहे जरा."

आयुष्यात पहिल्यांदा मानाबेने उदोनबद्दलचं परक्या माणसाचं मत खोडून काढलं नाही.

संध्याकाळी सातोएताईचा फोन आला. "काय म्हणाली रे ती?"

"पुढच्या रविवारी ओकायामाला बोलावलंय. घरी. स्वतः रांधणार आहेत."

"बाहेर कुठे का नाही?"

"माझ्या हातात वाडगा द्यायला नको म्हणाल्या," मानाबे म्हणाला, आणि टीव्ही बंद करून त्याने ताईला सगळं पहिल्यापासून सांगितलं.