अलार्म आणि पुढे स्टार

लसींच्या भांडारात सगळे त्यांना मॅडम म्हणत. वहिनी म्हणणारा एकच, तिथला मेकॅनिक, त्यांचा सख्खा धाकटा दीर. त्याला कामावर त्यांनीच स्वतःच्या शब्दावर चिकटवलं होतं, म्हणून त्याच्यावर त्यांची नजर जरा जास्तच कडक असे. आपल्या माणसाने आपलं नाक कापू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आता नाक शाबूत असतानाच ते दोन्ही हातांनी झाकून बसणाऱ्यांतल्या त्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

कोल्ड रूमच्या दाराशेजारी भिंतीवर साबणाच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर होता. आत लिनक्स नावाची अगदी हलकी प्रणाली. चित्रं नाहीत, माऊस नाही, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. ती डबी दर मिनिटाचं तापमान लॉग नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवी, आणि खोली आठ अंशांच्या वर गेली की अलार्मची एक ओळ. दर आठवड्याला नव्याने सुरू होणारा हा लॉग हजारो ओळींचा, आणि त्यातून हव्या तेवढ्याच ओळी वेचायला ग्रेप नावाची कमांड. वहिनी रोज सकाळी टाइप करत: ग्रेप, मग अलार्म आणि त्याला चिकटून स्टार, मग लॉग. स्टार म्हणजे पुढे काहीही असो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दोन वर्षं ते बिनबोभाट चाललं होतं.

सोमवारी नऊ ओळी आल्या. शनिवारीच दिराने कॉम्प्रेसर खोलून पुन्हा जोडला होता आणि ठणठणीत आहे म्हणून छाती ठोकून सांगितलं होतं.

"नऊ वेळा तापलीय खोली, भावजी."

"मशीनचा दोष नाही वहिनी. दाराचं रबर गेलंय. नवीन मागवा म्हणून मी कधीचा सांगतोय."

झालं, वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःची चूक दारावर ढकलणारा माणूस उद्या पुरावाही नाहीसा करेल. त्यांनी त्या नऊ ओळींची नक्कल तिथेच, त्याच फोल्डरमध्ये नवीन फाईल करून ठेवली. तिला नाव दिलं 'अलार्म-भावजी'.

मंगळवारी तीच कमांड दिली, तर एकही ओळ नाही. नवी नाही, आणि सोमवारच्या नऊसुद्धा नाहीत! नक्कल मात्र जागच्या जागी. कुणीतरी लॉग साफ केला होता, आणि पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता.

मग काय, दिराचं सगळंच खटकू लागलं. तो डबीपाशी दोन मिनिटं जास्त का उभा राहतो? तिच्यावरून फडकं का फिरवतो? आपल्याला बघून फोन खिशात का टाकतो? घरी खाली मान घालून का जेवतो? (वर मान करून कसं जेवायचं असतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.) बुधवारी पडदा कोराच. त्यांनी पासवर्ड बदलला. गुरुवारीही कोराच. म्हणजे या पठ्ठ्याने नवा पासवर्डही काढला! नवऱ्यापाशी त्या एक अवाक्षर बोलल्या नाहीत. शेवटी भाऊ भावाचाच.

शुक्रवारी चारला वरचे साहेब भांडार बघायला येणार होते. वहिनींचं पत्र तयार होतं: मेकॅनिकने नोंदी पुसल्या, कामावरून काढावं. लसी तान्ह्या मुलांच्या, तिथे नातं बघून चालणार नव्हतं. साडेतीनला त्यांनी दिराला बोलावलं.

"भावजी, लॉग का पुसता?"

तो आधी हसला. थट्टा नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग त्याने भिंतीच्या भोकातून सेन्सरची वायर बाहेर ओढली आणि टोक मुठीत गच्च धरलं.

"आता अलार्म होईल. मी तुमच्यासमोरच उभा आहे. शोधा."

पाच मिनिटांनी वहिनींनी ग्रेप चालवला. पडदा कोरा. दिराचा एक हात सेन्सरवर, दुसरा कमरेवर. त्यांनी लॉगचं शेपूट तेवढं उघडून पाहिलं. शेवटची ओळ अलार्मची होती, आत्ताची.

हलक्या लिनक्समधला ग्रेपही अर्धवटच असणार, असं पुटपुटत त्यांनी स्टार काढून पाहिला. पडदा भरून वाहू लागला. सोमवारच्या नऊ ओळी, त्यानंतरच्या एकतीस, आणि मुठीतली एक. काहीच पुसलं गेलं नव्हतं.

"पण दोन वर्षं स्टार लावूनच चालत होतं!"

"मशीन अडलं की मी आधी बघतो, त्याच्यापर्यंत पोचतंय काय," दीर म्हणाला.

वहिनींनी स्टारवाली कमांड पुन्हा लिहिली आणि तिच्याआधी इको टाकलं, म्हणजे ती न चालता नुसती पडद्यावर उमटेल. उमटलं ते असं: ग्रेप, अलार्म-भावजी, लॉग.

ग्रेपच्या आधी कमांड वाचतो तो शेल नावाचा मधला प्रोग्राम. स्टार दिसला की त्याआधीच्या शब्दाने सुरू होणाऱ्या नावाची फाईल फोल्डरमध्ये आहे का, ते तो बघतो. नसेल तर शब्द तसाच पुढे जातो; असेल तर त्याच्या जागी फाईलचं नाव जातं. शब्द अवतरणचिन्हांत घातला असता तर शेलने त्याला हात लावला नसता. दोन वर्षं तशी फाईल नव्हती. सोमवारपासून होती. चार दिवस ग्रेप बिचारा हजारो ओळींमध्ये दिराचं नाव शोधत होता, आणि ते कुठेच नव्हतं.

दिराने पडद्यावरचं आपलं नाव वाचलं.

"ही फाईल कधीची?"

"सोमवारची." वहिनींना मान वर करवेना. "चुकलं माझं, भावजी."

त्याने सेन्सर आत सरकवला आणि भोक नीट बुजवलं. वहिनींनी पत्र फाडलं. साहेब आल्यावर त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं: एकतीस अलार्म आपण पाहिलेच नाहीत, रबर गेल्याचं मेकॅनिक कधीचा सांगत होता, चूक पूर्णपणे आपली. सांगताना शरमेने त्यांचे कान तापले होते, तरी थोडं हलकंही वाटलं. लसींचे खोके तपासणीसाठी बाजूला निघू लागले, तसे वहिनी आणि दीर पुन्हा दारापाशी आले. दीर खोका घेऊन बाहेर पडला आणि जाता जाता म्हणाला, "दार दाबून लावा, मॅडम."

साहेब ऐकत असतील म्हणून वहिनींनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.