संगणकात राहून गेलेला पेनड्राइव्ह

"ताई, काम झालं की याला आठवणीने काढून घ्या. लावलेला राहिला तर मशीन सुरू होताना आधी यालाच विचारेल," संगणक दुरुस्तीच्या दुकानातल्या कारागिराने बजावलं होतं.

"हो हो, काढते," ताई म्हणाली. एका हाताने ती खांद्यावरच्या बाळाला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने मला पर्सच्या कप्प्यात ढकलत होती.

मित्रांनो, हे बोलणं ज्याच्याबद्दल चाललं होतं तो मी. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. अंगठ्याएवढा, काळा, टोपण हरवलेला. ताईच्या कॉलेजातले प्रकल्प, मैत्रिणींचे फोटो, नोकरीचे अर्ज, सगळं मी पोटात सांभाळलं. पुढे तिचं लग्न झालं, चिमणी ही लेक झाली आणि मी ड्रॉवरमध्ये सेफ्टी पिना आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत पडून राहिलो. मला कुणी विचारेना. म्हणून कारागिराने मला पुसून माझ्यात संगणक चालवणारी नवी ऑपरेटिंग सिस्टीम भरली, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

ते काम ताईच्या बाबांसाठी होतं. बाबा दूरच्या गावी एकटेच राहत. त्यांना कमी ऐकू यायचं. फोनवर निम्मं कळायचं नाही, मग ते प्रत्येक गोष्टीला "हो हो, छान" म्हणायचे. पण पडद्यावर माणूस दिसला की ओठ वाचून त्यांना सगळं समजायचं. त्यांचा संगणक मात्र इतका थकला होता की व्हिडिओ कॉल लावला की धापा टाकायचा.

ताई चिमणीला घेऊन बाबांकडे गेली. तिने संगणकातले जुने फोटो आधी दुसरीकडे उतरवून घेतले, मला त्याच्या मागच्या बाजूला खोचलं आणि सुरू होताना आधी मलाच वाचायचं, असं त्याला सेटिंगमध्ये सांगून ठेवलं. निळा पडदा उमटला. बाबा चष्मा सावरत पुढे झुकले आणि त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

"अहो बाबा, हात लावू नका! सगळं पुसलं जाईल."

"नाही लावत, बाई. तू लहान असताना मी हेच ओरडायचो तुझ्यावर."

दोघंही हसली. संध्याकाळपर्यंत संगणक नव्यासारखा पळू लागला. ताईने मला काढलं, आतल्या खोलीत जाऊन मोबाइलवरून कॉल लावला, तर पडद्यावर चिमणी अगदी स्वच्छ!

"अगं, दात आलाय की हिला!" बाबा ओरडले. मांडीवर घेऊन जे दिसलं नव्हतं, ते पडद्यावर दिसलं.

निघायच्या दिवशी ताईने मला पुन्हा खोचलं. येताना माझ्यात भरून आणलेला चिमणीचा एक फोटो तिने बाबांच्या पडद्यावर लावला. तेवढ्यात दाराशी गाडी आली. दुधाची बाटली, लंगोट, स्वेटर, सगळं पिशवीत गेलं. थर्मामीटर घेतलं का, हे तिने दोनदा पाहिलं. मी तेवढा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि संगणक चालू केला. त्याने आधी मलाच विचारलं. मला जे शिकवलं होतं तेच मी बोललो. तोच निळा पडदा आला. भाषा निवडा, पुढे जा. त्यामागे ना फोटो, ना चिमणी. बाबांनी बोट पुढे नेलं, मग मागे घेतलं आणि संगणक बंद केला. बटण दाबलं तर चिमणी पुसली जाईल, असं त्यांना वाटत होतं. मला उपटून काढलं असतं तरी पुरलं असतं, पण हे त्यांना कोण सांगणार? माझ्याकडे एक लुकलुकणारा दिवा आहे, तोंड नाही.

रोज तेच व्हायचं. सदरा, खुर्ची, निळा पडदा.

"मुलीला विचारा की हो," शेजारच्या काकू त्यांच्या कानाशी वाकून म्हणत.

"तिचं मूल लहान आहे. तिला कशाला आणखी एक घोर?"

ताईचा फोन यायचा. "बाबा, पडद्यावर का दिसत नाही तुम्ही? बिघडलंय का काही?"

"हो हो, छान आहे!"

चिमणीला ताप आला, मग खोकला झाला, मग ताईची नोकरी पुन्हा सुरू झाली, हे मला नंतर कळलं. बाबांना कंटाळा आला असेल, असं तिने धरलं. चिमणी मोबाइलच्या पडद्याकडे बोट दाखवून "आबा" म्हणायला शिकली. ते ओठ बाबांनी वाचले नाहीत.

पुढचा फोन काकूंनी केला. बाबा झोपेतच गेले होते.

सगळं उरकल्यावर ताईने संगणक चालू केला. निळा पडदा आला. तिचा हात हळूहळू मागच्या बाजूला गेला आणि माझ्यावर येऊन थांबला.

"रोज सदरा बदलून इथेच बसायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, मशीन काहीतरी विचारतंय, पण लेकीने हात लावू नका म्हटलंय."

ताईने मला काढलं. तिने संगणक पुन्हा सुरू केला आणि दात दाखवत हसणारी चिमणी पडद्यावर आली. ती तिथेच होती, पहिल्या दिवसापासून.

आता मी ताईच्या किल्ल्यांना अडकवलेला असतो. माझ्यात काहीही भरलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही आजोबांना, आजीला कुणीतरी एखादं नवं यंत्र देऊन आलं असेल. फोनवर ते म्हणतील, "सगळं छान आहे." तेवढ्यावर फोन ठेवू नका. एकदा जा, त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, "माझ्यासमोर चालू करा पाहू."