लाल गाडी आली बाई

आधी एक सांगून टाकते. मला पोलिओ झालेला नाही! आमच्या वाडीपासून मुरबाडपर्यंत जो भेटतो तो विचारतो, "पोलिओ ना गो?" आणि आई दमून "हो" म्हणते. मी नाही म्हणत. मी सरळ सांगते, सेरेब्रल पाल्सी. समोरचा आईकडे बघायला लागतो. मला फार मजा वाटते.

माझे पाय धडधाकट आहेत. फक्त मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. दोन्ही पाय एकदमच निघतात, गुडघे एकमेकांवर आपटतात आणि टाचा जमिनीला टेकतच नाहीत. हे मला अक्षदाताईंनी समजावलं. त्या दर शनिवारी कल्याणहून मुरबाडला येतात आणि एका समाजमंदिरात आमच्यासारख्या मुलांचा नाचाचा वर्ग घेतात. हो, नाचाचा! बाबा पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, "चालता येत नाय तिला नाचवनार? ही बाई शानी का येडी?"

पण ताई नुसत्या नाचवत नाहीत. कुणाला खुर्चीत बसवून हात वर न्यायला लावतात, कुणाला चटईवर लोळवतात, मला बार धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लावतात. टेपवर गाणं लागलं की चिमुरडी मनस्वी, जिची मूठ एरवी उघडत नाही, ती टाळी द्यायला बोटं सोडते. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझंच गाडं अडलं होतं. टेपचं गाणं लागलं की मला इतका आनंद व्हायचा की पाय आणखीच ताठ! कात्रीच व्हायची त्यांची.

आणि मला घाई होती. आमच्या शाळेत नववीपर्यंतच वर्ग. दहावीला मुरबाड, म्हणजे रोज यष्टी. आणि यष्टीची ती पहिली पायरी! माझ्या गुडघ्याच्या वर येते. दर शनिवारी कंडक्टर वरून ओढायचा, आई खालून ढकलायची आणि मी मधे भाताच्या गोणीसारखी. बाबा वाईट नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुझी आई रोज तुझ्यासंगं येनार, मग शेताकडं कोन बघनार? जूनपर्यंत एकटी चढलीस तर दहावी. नायतर घरी."

तर भादव्यात काय झालं, ऐका. आमच्या वाडीत गौरीला बायकांचा फेर असतो. सगळ्या एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफतात आणि गोल फिरतात. गाणं माझी हौसाआत्या घालते, बाकीच्या झेलतात. मला दरवर्षी ओट्यावर पाट देऊन बसवायच्या. वर लाडानं म्हणायच्या, "तू बघ हां, सारिके." यंदा मी म्हटलं, बघणार नाय, नाचणार! आत्या हसली, म्हणाली, "ये, पडलीस तर माझ्या अंगावर पड. मी पडत नाय."

तिनं एका बाजूनं कंबर धरली, आईनं दुसऱ्या. पाय बाजूला, सगळ्यांचा भार त्या पायावर, वाकायचं, मग दुसरा पाय. भार एकट्या माझा नव्हताच ना, अख्ख्या फेराचा होता! तो झुकला की मी झुकणार. गाणंही संथ, घाई नाही. आणि तिसऱ्या की चौथ्या फेरीला मला पायाखाली काहीतरी गार लागलं. शेणानं सारवलेलं अंगण. टाचेला! मी किंचाळलेच, "आते, टाच टेकली!" आत्या गाणं न मोडता म्हणाली, "मग उचल की आता!"

शनिवारी ताईंना सांगताना मी इतकी बडबडले की त्यांना पाणी द्यावं लागलं, मला. ताई म्हणाल्या, "सारिका, आत्याला घेऊन ये. मला शिकायचंय हे."

पण घरी येऊन विचारलं तर आत्या कानांवर हात ठेवून म्हणाली, "गौर बोळवली ना? मग झालं. आता गानं नाय. पुढल्या भादव्यात."

"आते, पुढल्या भादव्यापर्यंत जून निघून जाईल गो!"

"जाऊ दे. गौरीचं गानं अवेळी घातलं की गौर म्हनते, मला बोलावली आनि पाट कुठाय? आपली रीत हाय. तुझ्या पायासाठी मी सगळ्या वाडीला तरास देऊ?"

आमच्या वाडीत हे खरंच कुणी मोडत नाही. आईसुद्धा म्हणाली, "आत्याच्या मागं लागू नको." ताईंच्या वर्गात मी एकटीनंच ते गाणं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. काही उपयोग नाही. घालणारी हवी, झेलणाऱ्या हव्यात.

मग एके दिवशी इतिहासाच्या तासाला (बाई रागावू नयेत, माझं लक्ष नव्हतं) मला सुचलं. अवेळी बोलावलेली चालत नाही ती गौर. मग गौरीला बोलवायचंच नाही! यष्टीला बोलवायचं. ती तर रोजच येते!

दिवाळीनंतर खळ्यावर आत्या, आई आणि वाडीतल्या बायकांचं भात झोडणं चाललं होतं. मी पेंढ्यावर बसून मोठ्यानं सुरू केलं, त्याच ठेक्यात:

लाल गाडी आली, धूळ उडवीत आली
पायरी तिची उंच, टाच माझी खाली

आत्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. "ए भवाने! काय म्हनतेस?"

"यष्टीचं गाणं. यात गौर कुठाय, दाखव."

सगळ्या आत्याकडे बघायला लागल्या. आत्यानं मला पुन्हा म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. आता ही ओरडणार, असं वाटलं.

"गौर नाय यात," ती म्हणाली. "पन पायपन नाय. बाई कुठाय? 'आली' म्हटल्यावर 'बाई' नाय घातलीस तर भार कुठं टाकशील? हवेत? म्हन, लाल गाडी आली बाई, धूळ उडवीत आली."

मी म्हटलं. खरंच, 'बाई' म्हणताना माझा उजवा खांदा आपोआप झुकला! मग आत्यालाच राहवेना. पदर खोचून तिनं पुढचं कडवं घातलं:

दार तिचं अरुंद बाई, कंडक्टर हाय जाड्या
आमची पोर चढते बाई, थांब जरा येड्या

खळ्यावर इतका हशा पिकला की बैल बिचकले. आई तोंडावर पदर घेऊन म्हणत होती, "अवो वन्सं, तो कंडक्टर ऐकंल ना!"

आत्या मुरबाडला आली. समाजमंदिराच्या दारात एवढीशी झाली होती बिचारी, चपला काढून हातात धरून उभी. पण ताईंनी टेप बंद केली आणि तिच्या शेजारी जाऊन तिच्या कमरेला हात घातला, तशी ती फुलली. मुलांच्या आया आधी लाजल्या. "नाच म्हनजे पोरांचा ना, आमचा कशाला?" मग एकेक उठल्या. खुर्चीतली मुलं मधे घेतली, मनस्वीला तिच्या आईच्या कडेवर, आणि फेर फिरला. ताई 'बाई'वर चुकायच्या, आत्या त्यांना ओरडायची, "ताई, भार! भार टाका!" वर्गात कुणीतरी ताईंना ओरडतंय! आम्ही मुलं हसून हसून लोळलो.

ताईंनी मग त्या ठेक्यावर माझा सराव बसवला. आधी पाटावर पाय. मग पाटावर पाट. मग समाजमंदिराच्या स्टेजची कड. "पाय बरे होतील असं मी म्हणत नाही," त्या म्हणायच्या, "पण ते शिकतील." मी पडले, पुष्कळदा पडले. हनुवटीवर खूण आहे, छान दिसते.

आणि मे महिन्यातला तो शनिवार. यष्टी आली. सकाळीच मी आईला बजावलं होतं, हात मागं बांधून उभी राहा. तिनं खरंच स्वतःचा एक हात दुसऱ्यानं घट्ट धरला होता. कंडक्टर वाकला. आत्या मला पोचवायला आली होती, ती खालून ओरडली, "हात लावू नको रे तिला!"

मी दांडी धरली. भार डाव्यावर. आत्या गाणं घालायला लागली, आणि घालता घालता तिला आठवलं असावं की पुढच्या कडव्यात कंडक्टरलाच जाड्या म्हटलंय, तर ती तिथंच थबकली. गाणं थांबलं! माझा पाय हवेत! गाडीतली माणसं बघतायत, ड्रायव्हर आरशातून बघतोय. मग मीच म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, "आमची पोर चढते बाई!" आणि 'बाई'वर पाय पायरीवर. टाचेसकट! मग दुसरा. मग वरची पायरी. मी आत!

"थांब जरा, कोण येड्या?" कंडक्टर म्हणाला. त्याला अख्खं गाणं पाठ होतं! मुरबाडच्या आयांनी गाडीभर केलं होतं ते.

"ए पोरी, दारात उभी राहू नको, पुढं सरक," तो खेकसला, आणि घंटी वाजवली. टण टण.

गाडी सुटली. आई खालीच!

ती तशीच उभी होती, हात मागं बांधलेले. मग एकदम भानावर येऊन पळायला लागली, आत्या तिच्या मागं, दोघी हसतायत का रडतायत कळेना.

"अरे, तुझी आई राहिली!" कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "थांबवू का?"

मी दोन्ही हातांनी सीटची दांडी पकडली.

"नको," मी म्हटलं. "तिला मागच्या गाडीनं येऊ दे."